राजगड-तोरणा-रायगडसाठी सामान कोणतं घ्यावं, आणि ते पारखावं कसं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही पुण्यात राहता, सिंहगड, लोहगड, तिकोना असे एका दिवसाचे ट्रेक भरपूर झालेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघांनी मिळून राजगड आणि तोरणा करून बोराट्याच्या नाळेने, म्हणजे घाटावरून कोकणात जाणाऱ्या धोंड्यांच्या घळीने, उतरायचं आणि रायगड गाठायचा, असा चार दिवसांचा बेत आहे, सामान पाठीवर. सॅक, बूट, स्लीपिंग बॅग वगैरे माणशी १५ हजारांत बसवायचंय आणि कोणत्या कंपनीचं काय घेऊ असं विचारलंय. अगदी शेवटी एक ओळ आहे: 'घेतलेलं सामान चार दिवस साथ देईल की नाही हे आधी कसं ओळखायचं?'

मला विचाराल तर प्रश्न ती शेवटची ओळच आहे. बाकीचं दुकानातही सांगतील.

मी गेली बावीस वर्षं सह्याद्रीत फिरतेय आणि त्यातली बरीच वर्षं आमच्या ग्रुपचं सामायिक सामान माझ्याकडे असतं. म्हणजे तंबू, स्टोव्ह, दोर, पातेली माझ्या माळ्यावर आणि परत आलेल्या प्रत्येक वस्तूची तक्रार माझ्या कानावर. त्या तक्रारी ऐकून एक गोष्ट पक्की झाली आहे: एका दिवसाच्या ट्रेकला सामानाचे दोष कळतच नाहीत. बूट जरा चावला, पट्टा जरा काचला, मोजे ओले झाले, तरी संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवले की विसरायला होतं. चार दिवसांच्या चालीत तोच बूट दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुखऱ्या जागेवर पुन्हा चढवायचा असतो. सामान पारखायचं ते त्या सकाळसाठी.

माझंच उदाहरण देते. सात-आठ वर्षं मी एकच ट्रॅकपँट घालून हिंडत होते, कधी काही त्रास नाही. पहिल्यांदा मोठी सॅक घेऊन सलग तीन दिवस चालले, तेव्हा पँटच्या नाडीची गाठ सॅकच्या कमरपट्ट्याच्या बकलखाली येत होती. पहिल्या दिवशी नुसतं लाल झालं. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत कातडं सोलवटलं. मग मी कमरपट्टा सोडून दिला, सगळं वजन खांद्यांवर आलं आणि तिसऱ्या दिवशी मान वळेना. सॅक चांगली होती, पँट चांगली होती. दोन्ही एकत्र किती वाईट आहेत हे तोवर कळायची वेळच आली नव्हती. तेव्हापासून माझ्या सगळ्या ट्रेकच्या पँटींना इलॅस्टिक आहे.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण त्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे हवेतला गोळीबार. मुक्काम कुठे करणार यावर तुमचं अर्धं सामान ठरतं. पूर्वी लोक सर्रास राजगडावर पद्मावती मंदिरात आणि तोरण्यावर मेंगाई मंदिरात पडायचे. पण गडावर राहण्याचे, चूल पेटवण्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजी चौकशी करा. त्यातून वर्षअखेरीला गडांवर जत्रा असते. मी तुमच्या जागी असते तर मुक्काम शक्यतो गावांत धरला असता. तसं केलं तर तंबू यादीतून गळतो, स्टोव्हही जवळपास गळतो, कारण गावातल्या घरात आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते. तीन-साडेतीन किलो वजन तिथेच कमी होतं. मात्र गावांत मुक्काम म्हणजे गड उतरून पुन्हा चढणं आलं, चाल वाढते, आणि चार दिवसांत बसवायला ताण पडतो. हा हिशोब चौघांनी बसून आधी करा. खरेदीला त्यानंतर बाहेर पडा.

थंडीचंही तसंच. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, राजगड-तोरणा १,४०० च्या आसपास. उंचीच्या हिशोबाने वर पाचेक अंश जास्त गार असायला हवं आणि दिवसा ते तसं असतंही. रात्री मात्र उलटा प्रकार होतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गार हवा घळींतून खाली दरीत उतरून साचते, त्यामुळे पायथ्याच्या गावात पहाटे गडापेक्षा जास्त कुडकुडायला होऊ शकतं. आपल्याकडे पाषाणला शहरातल्या पेठांपेक्षा जास्त थंडी पडते, त्यातलाच प्रकार. गडावर त्रास देतो तो वारा. म्हणजे तुम्हाला हिमालयातली जाड स्लीपिंग बॅग नको. वारा अडवणारं एक पातळ जाकीट आणि कानटोपी हवी. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातला उगवतो. म्हणजे तेरा तासांची रात्र. झोपण्याचं सामान आणि टॉर्च यांना एवढं महत्त्व का, ते यावरून कळेल.

आता सॅक. चार दिवसांना ४५ ते ५५ लिटर पुष्कळ झाली. ७० लिटरची घेतलीत तर ती भरेपर्यंत तुम्हाला चैन पडणार नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. कंपनीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका टचकन वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही. आमच्यातल्या एका सहा फुटी गड्याला मधल्या मापाची सॅक बसते, बाकी सगळी उंची पायांत. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्यात अर्थ नाही, रिकामी सॅक सगळ्यांनाच छान दिसते. तिच्यात दहा किलो भरायला सांगा. बऱ्या दुकानांत वजनाच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, नसतील तर पाण्याच्या बाटल्या घेऊन जा, लाजू नका. कमरपट्टा हाडांवर बसवून आवळा आणि मग खांद्याचे पट्टे पूर्ण सैल करा. सॅक कमरेवर उभी राहिली पाहिजे. ती घसरून ढुंगणावर आली तर ती तुमची नाही, कितीही सवलत असो. बायकांना माझा खास सल्ला: कमरपट्ट्याचा आणि छातीच्या पट्ट्याचा आकार बाईच्या अंगाचा विचार करून केलेल्या सॅक मिळतात, आणि त्यात गुलाबी रंगाव्यतिरिक्तही फरक असतो. घालून बघा.

सॅकच्या बाहेर काही लटकवू नका. कॅरीमॅट आडवी बांधली की ती कारवीच्या झाडीत अडकते आणि राजगडाच्या चोर दरवाजात वाकून शिरताना तुम्हाला मागे ओढते. उभी बांधा, नाहीतर आतून गुंडाळीसारखी लावा. डिसेंबरात पाऊस क्वचित, पण सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असू द्या. पावसापेक्षा स्वतःचीच पाण्याची बाटली गळून कपडे भिजलेले मी जास्त वेळा पाहिलेत. अशी पिशवी, सुतळी, नायलॉनची दोरी, ताडपत्रीचा तुकडा हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं, त्यासाठी ट्रेकिंगच्या दुकानात जाऊन तिप्पट पैसे मोजायची गरज नाही.

बुटांवर मात्र वेळ घालवा. तुमच्या वाटेवर तीन प्रकारची जमीन आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याकडे जाणारी धार: वाळलेलं गवत आणि त्याखाली सुटा मुरूम. बुधला माचीकडून तोरणा चढताना कातळाचे टप्पे. आणि शेवटच्या दिवशी बोराट्याची नाळ, जिथे तास न् तास धोंड्यांवरून खाली उतरायचंय. कातळाला मऊ रबर लागतं, ते दगडाला चिकटतं. घसाऱ्याला तळाचे खाचे खोल हवेत. दोन्ही एका बुटात पुरेपूर मिळत नाही. मी कातळाला झुकतं माप देते, कारण घसाऱ्यावर पाय सरकला तर माणूस बसतो, कातळावर सरकला तर कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. तळव्यात अंगठ्याचं नख दाबून बघा. किंचित रुतलं पाहिजे. प्लास्टिकसारखा टणक तळ दिसायला दणकट असतो, गुळगुळीत दगडावर मात्र साबण. आपल्याकडे अनेक जुने ट्रेकर अजूनही ॲक्शनचे स्वस्त बूट घालून अवघड घाटवाटा करतात ते याच कारणाने. महागडा बूट घेऊच नका असं नाही, पण महाग म्हणजे सह्याद्रीला योग्य असंही नाही.

वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट या ट्रेकला नको. डिसेंबरात तो नुसता तापतो आणि पाय घामाने भिजतो. पावसाळ्यातही आपल्या ओढ्यांत पाणी वरून शिरतं आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. घोट्याच्या वर येणारा घ्यावा की खाली असणारा, यावर लोक हिरिरीने भांडतात. तुमचा घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर उंच घ्या, नसेल तर पायाला सोपा वाटेल तो.

माप संध्याकाळी बघा, कारण दिवसभरात पाय सुजतात. ट्रेकचेच मोजे घालून जा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग नाडी आवळून जिन्यावरून खाली उतरा. अंगठा पुढे आपटला तर बूट परत द्या, कारण नाळ उतरून झाल्यावर त्या अंगठ्याचं नख काळं पडणार हे ठरलेलं आहे. निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं कापा, हेही इथेच सांगते.

आणि माळ्यावरचा जुना 'चांगला' बूट काढू नका. एका वर्षी आमच्यातल्या एकाने सहा वर्षं खोक्यात जपून ठेवलेला, जेमतेम चार वेळा घातलेला भारी बूट आणला होता. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी तोरण्यावरून भट्टी गावाकडे उतरताना उजव्या बुटाचा तळ मोजा सोलावा तसा निघाला. तासाभरात डावा. बुटाच्या मधल्या थरातला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो, नुसता ठेवलेला असला तरी, किंबहुना वापरात नसला तर जास्तच. वरून काही कळत नाही. आम्ही नायलॉनच्या दोरीने बूट पायाला बांधले आणि भट्टीत पोचल्यावर एका आजोबांनी स्वतःच्या प्लास्टिकच्या चपला काढून दिल्या. माझा ट्रेकर मित्र पुढचा सगळा ट्रेक त्या चपलांवर चालला आणि आजही सांगतो की त्याने घातलेलं ते सर्वांत चांगलं पादत्राण होतं. जुना बूट वापरायचाच असेल तर दोन्ही हातांनी धरून चांगला वाकवा, मधल्या थरात अंगठा दाबा. चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर रद्दीवाल्याला द्या.

मोज्यांबद्दल एकच, पण महत्त्वाचं: डिसेंबरात सह्याद्रीत कुसळं असतात. लोकरीच्या किंवा जाड विणीच्या मोज्यांत ती घुसली की दर पावलाला टोचतात, आणि काढायला बसलात तर अर्धा तास जातो. गुळगुळीत कापडाची लांब पँट मोज्यांवरून खाली येऊ द्या किंवा घोट्याला गेटर, म्हणजे बुटावरून बांधायचं कापडी आवरण, बांधा. हीच कुसळं हवा भरायच्या गादीला भोकं पाडतात. म्हणून मी सह्याद्रीत साधी फोमची कॅरीमॅट वापरते. वजनाला हलकी, किमतीला काहीशे रुपये, आणि तिला काटा टोचला तरी ती कॅरीमॅटच राहते.

झोपण्याच्या सामानात लोक बॅगवर खर्च करतात आणि खालच्या मॅटकडे दुर्लक्ष करतात. मंदिराची फरशी रात्रभर अंगातली ऊब शोषत असते. बॅगचं खालचं अस्तर तुमच्या वजनाने चेपलेलं असतं, त्याचा तिथे उपयोग शून्य. बॅगवर तापमानाचे तीन आकडे असतात. कम्फर्ट हा आकडा सरासरी बाईला निवांत झोप लागेल असा काढलेला असतो. लिमिट म्हणजे सरासरी पुरुष अंग आखडून रात्र काढू शकेल तो. एक्स्ट्रीम म्हणजे जिवंत राहाल, एवढंच. खोक्यावर ठळक छापलेला आकडा नेमका कोणता ते विचारा. तुमच्या ट्रेकला कम्फर्ट ८ ते १० अंश असलेली पुरे, फार थंडी वाजणाऱ्याने ५ ची घ्यावी. खरं सांगायचं तर ही वस्तू विकत घेऊच नका. पुण्यात स्लीपिंग बॅग भाड्याने मिळतात. आतून घालायला घरच्या जुन्या सुती चादरीची खोळ शिवून घ्या. स्वच्छतेचा प्रश्न मिटतो, थोडी ऊबही वाढते.

म्हणजे तुमच्या १५ हजारांतला मोठा भाग बूट आणि सॅक यांना, थोडा भाग बऱ्या हेडटॉर्चला, उरलेला मोजे, जाकीट आणि भाड्याला. मग पैसे उरतात, तेही नाळेच्या माथ्यावरच्या मोहरी गावातून नाळेसाठी स्थानिक वाटाड्या घेण्यासाठी ठेवा. दोर नेऊ का असं विचारण्याआधीच सांगते: चौघांपैकी कुणाला दोर बांधता येत नसेल तर तो फक्त तीन किलोंचा दागिना आहे. वाटाड्या जास्त कामाचा.

पाणी, स्टोव्ह, टॉर्च पटकन उरकते. राजगड ते तोरणा या धारेवर भरवशाचं पाणी धरू नका. मधल्या खिंडीत ताकवाल्या मावशी भेटल्या तर नशीब. माणशी तीन लिटर क्षमता हवी, आणि ती बाटल्यांत. नळीच्या पिशवीत पाणी किती उरलंय ते दिसत नाही, माणूस चोखत राहतो आणि अकरा वाजता फुर्रर आवाज येतो. टाक्यांचं पाणी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. स्टोव्ह नेणार असाल तर चौघांत एकच, आणि त्याची चाचणी घरच्याच पातेल्यात घ्या. आधी आणि नंतर गॅसचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. माझ्या स्टोव्हला झाकण ठेवून एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात झाकणाशिवाय जवळपास दुप्पट. यावरून डबे किती न्यायचे ते अंदाजाने न ठरवता मोजून ठरतं. वारा अडवायला डब्याभोवती पत्रा पूर्ण गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. सगळीकडे वाळलेलं गवत असतं, तेव्हा स्टोव्ह मोकळ्या कातळावरच. हेडटॉर्चचा एक सेल सॅकमध्ये असताना उलटा घालून ठेवा. बटण आपोआप दाबलं जाऊन रात्री अंधारात बसलेले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत.

आता चाचणी. तुमच्या हाती ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन-अडीच महिने आहेत, भरपूर झाले.

पहिली पायरी घरात. खरेदी केल्यावर लेबलं कापू नका, बिल जपा. सगळं सामान जमिनीवर मांडा आणि प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहा. भरलेल्या सॅकसाठी घरचा काटा पुरत नाही. मी खालच्या रद्दीवाल्याकडे जाते. तो आता विचारतही नाही, 'ताई, किती भरलं?' एवढंच म्हणतो. पाण्यासकट तुमच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. ६० किलोंच्या माणसाला १२. माझी स्वतःची चार दिवसांची सॅक तीन लिटर पाण्यासकट साडेदहा भरते, आणि तिच्यातही एक वही जास्तीची असते. मग खोलीतला दिवा बंद करा आणि सॅकमधून टॉर्च, जाकीट, औषधाची डबी अंधारात काढून दाखवा. हसू येईल, पण गडावर रात्री दोन वाजता पोटात कळ आली की याचा उपयोग कळतो.

दुसरी पायरी टेकडीची. वेताळ टेकडीवर आठवड्यातून दोनदा, सात-आठ किलो घेऊन, नेहमीच्या गुळगुळीत वाटेऐवजी जुन्या खाणीच्या बाजूच्या मुरमाड उतारांवरून. पर्वती जवळ असेल तर १०३ पायऱ्या, दहा फेऱ्या, सगळ्या नव्या बुटात. बूट ट्रेकला निघण्याआधी ४०-५० किलोमीटर तरी चाललेला हवा. इथे फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्यायचं: कुठे 'गरम' लागतंय का. फोड येण्याआधी ती जागा नेहमी गरम लागते. तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची सवय टेकडीवर लागली पाहिजे, 'पुढे बघू' म्हणणाऱ्याला पुढे फोडच बघायला मिळतो.

तिसरी पायरी सिंहगड. स्वारगेटहून पीएमपीची बस पकडून पायथ्याला आतकरवाडी, पूर्ण भरलेली सॅक, सहाशेक मीटरची चढाई. त्या वाटेवर कुणी तुमच्याकडे वळूनही बघणार नाही, तिथे हिमालयाची तयारी करणारे लोक पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन चढतच असतात. पण ते बहुतेक वर पोचल्यावर पाणी ओतून टाकतात आणि हलके होऊन उतरतात. गुडघ्यांसाठी ते शहाणपणाचंच आहे. तुम्ही मात्र निदान एकदा तरी भरल्या सॅकने उतरा, कारण तुमच्या ट्रेकचा अवघड भाग उताराचा आहे. बुटाचं पुढचं टोक, सॅकचा झोल, गुडघे, सगळं तिथेच बोलतं. मडक्यातलं दही खाऊन उतरायला हरकत नाही, भज्यांचं मी काही सांगत नाही.

चौथी पायरी सगळ्यांत कमी लोक करतात, आणि माझ्या लेखी तीच खरी. एका शनिवारी सिंहगड करून या. घरी येऊन पलंगावर झोपू नका. गच्चीत किंवा बाल्कनीत लादीवर कॅरीमॅट टाकून, नेणार आहात त्याच बॅगमध्ये, तेच कपडे घालून झोपा. आंघोळही नको, घरच्यांची परवानगी असेल तर. घामाचे मोजे दोरीवर टाका आणि सकाळपर्यंत वाळतात का बघा. रविवारी सहाला उठून तेच बूट, तीच सॅक घालून पुन्हा चार-पाच तास चाला. बाणेर-पाषाण टेकडी, तळजाई, कुठेही. पहिल्या वीस मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही दुकानदाराला सांगता येणार नाही. कोणता पट्टा काचतो, कोणती शिवण टोचते, बॅगेत पाय गार पडले की खांदे, खिचडीचा कंटाळा किती लवकर येतो. हा प्रयोग चौघांनी एकत्र केला तर आणखी एक गोष्ट कळते, ती सामानाबद्दलची नाही: दुसऱ्या दिवशी सकाळी कोण किती चिडचिड करतं.

वेळापत्रक एका दमात सांगायचं तर: ऑक्टोबरात बूट आणि सॅक, लगेच टेकडी. नोव्हेंबरात सिंहगड दोनदा, त्यातला एक शनिवार-रविवार जोडून. जे नडेल ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बदला. त्यानंतर नवीन काही घ्यायचं नाही, कितीही सेल लागला तरी. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली एकही नवी वस्तू माझ्या माहितीत कुणाला लाभलेली नाही. अपवाद फक्त लिमलेटच्या गोळ्यांचा.

एक गोष्ट राहिली. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की चौघांपैकी एकाला गुडघ्याचा जुना त्रास आहे. त्याला दोन काठ्या घ्यायला सांगा, एक नाही, आणि त्या घेऊन सिंहगड उतरायला लावा. नाळेत मोठ्या धोंड्यांवर हात मोकळे लागतात, तिथे काठ्या सॅकला लावायची आणि पुन्हा काढायची सवय आधीच झालेली हवी. त्याचा गुडघा दुसऱ्या दिवशीच्या टेकडीवर कुरकुरला तर त्याने तोरण्यावरून वेल्ह्याला उतरून यष्टी पकडायची, हे आत्ताच, घरी चहा पिताना ठरवून ठेवा. ट्रेकमध्ये तिथे उभं राहून ठरवायला गेलात तर तो नाही म्हणेल.

सिंहगडाची पहिली भरली फेरी झाली की सॅकचं वजन आणि कुठे-कुठे काचलं ते इथेच लिहा. स्लीपिंग बॅग ५ ची भाड्याने घ्यायची की १० ची, ते त्या गच्चीतल्या रात्रीनंतर सांगते.